भाजीवरचं औषध

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर जलपर्णी माजली होती, होडी काही येईना. धक्क्यावर झाकणाला भोकं पाडलेला डबा मांडीवर धरून बसलेल्या अवुओरला शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“ओगुतू, ही जलपर्णी खायला म्हणे सरकारनं किडे सोडलेत.”

“बारके, सोंडवाले?”

“तेच. का रे?”

“आमच्या काठाला पानं कुरतडत होते. मला वाटलं कीड पडली. सुकुमाच्या भाजीवरचं औषध फवारलं.”

“मेले?”

“एकूण एक.”

“म्हणजे होडी तुझ्यामुळं अडकलीय, गाढवा.”

“बायकोनं तर शाबासकी दिली.”

अवुओरनं डबा पोटाशी धरला. आत सोंडवाले किडे पानं कुरतडत होते.

“आजोबा, तुमचं गाव कुठल्या काठाला?”

“पल्याडच्या. का गं पोरी?”

“मग मी अल्याडच थांबते.”