चटईखालचे पाय

—नाही, चटई राहू दे. बोट टोच, रक्त काढ, काय करायचं ते कर, पण पायांवरची चटई राहू दे, लुपे. पाय पसरून बसायचं तर झाकून बसावं, एवढं तरी नर्सांच्या शाळेत शिकवतात ना? नसेल तर आजीला विचार तुझ्या. — किती म्हणालीस साखर? छे, एवढी तर या गावात कुत्र्यालाही असेल! घरात मयत, अख्ख्या सवाई बेटावरून पाहुणे आलेत, चार डुकरं भाजलीयत, नारळाच्या दुधात शिजवलेले तारोचे कंद आहेत — आता मीच ताटाला हात लावला नाही तर त्यांनी कसं जेवायचं? सांग ना. वहीत डोकं घातलंस. बरोबर.

तो तुमचा अपिआ शहरातला डॉक्टर — अजून मिसरूड नीट फुटलेलं नाही आणि मला पडद्यावर माझंच काळीज दाखवतो! म्हणतो, नळ्या स्वच्छ आहेत, पण साखरेनं हृदयाचा स्नायूच निबर झालाय, म्हणून पायांत पाणी उतरतं, दम लागतो. मी म्हटलं, बाबा, डुक्कर निबर निघालं तर आम्ही भट्टीत आणखी तासभर ठेवतो, याचं काय करू? हसला नाही. हसायचा पगार मिळत नसेल. वर ती लघवीची गोळी दिली. — घेतो ना! घेतो की. सभा नसेल त्या दिवशी घेतो. आता सभा नाही असा दिवस तूच काढून दे — लग्न आहे, कुणाला प्रमुखपदाची पदवी द्यायची आहे, देवळाचं छप्पर आहे, नाहीतर न्यूझीलंडहून कुणाचा तरी भाचा उतरलेला आहे. मानाच्या पेयाचा, आवाचा वाडगा फिरतोय, पाहुण्यांचा प्रमुख समोर मांडी घालून बसलाय, आणि मी — गावाच्या वतीनं बोलणारा माणूस — दर घटकेला "आलोच हं" म्हणत केळीत पळू? काय शोभा होईल!

मागच्या महिन्यात गावच्या मैदानावर मी लेआओला, त्या दुसऱ्या वक्त्याला, माझ्या जागी बोलायला दिलं, तर सगळं गाव म्हणालं, काय मोठं मन! मन कसलं डोंबलाचं — दम संपला होता, काठीला लटकून उभा होतो. झोपतो तेही खांबाला टेकून. बायको लोकांना सांगते, भाषणं जुळवत बसतात. आडवा झालो की बुडाल्यासारखं होतं गं... हे लिहू नकोस. खोड ते.

इओसेफोलाही हेच होतं. हो, तोच — पलीकडच्या घरात ठेवलाय ना, माझा थोरला भाऊ. माझ्यासारखे टोमणे नाही मारले त्यानं डॉक्टरला, गुपचूप गोळी घ्यायचा. मग पुतण्याला प्रमुखपदाची पदवी देण्याचा समारंभ आला, आठवडाभराचा. दोनदा उठून गेला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला बाजूला घेऊन सांगितलं — चांगलं रंगवून सांगितलं, वाडवडिलांची नावं घेऊन — की पाहुणे जाईपर्यंत गोळीला हात लावू नकोस. पाहुणे रविवारी गेले. त्यानं बसल्या जागी मान टाकली. त्याच्या चटईखाली त्या आठवड्याचं पाकीट सापडलं, अख्खं, एक गोळी फोडलेली नाही. साठ वर्षांत त्यानं माझं काही म्हणून ऐकलं नव्हतं, हे तेवढं ऐकलं. माझं बोलणं पटतं ना लोकांना! उद्या मीच उभा राहून सांगणार, देवानं त्याला बोलावून घेतलं. तेही पटेल. लेआओ बोलायला मागेल — नाही देणार.

घेईन गं, घेईन. उद्याचं भाषण होऊ दे, मग घेतो. — अगं, चटई कशाला उचललीस? कोणी सांगितलं तुला? ... बघितलेस? त्याचेही असेच झाले होते. झाक. झाक म्हणतो ना. आणि जा आता, बाहेर पाहुणे खोळंबलेत.