हलू नको, ताई

माझं पहिलं चित्र कसं झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. चित्रकलेच्या सरांनी सांगितलं होतं, "घरातलं माणूस समोर बसवून काढा." मला ताईच काढायची होती, आणि ती तर लग्न होऊन माळशिरसला गेलेली. मग आईच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला.

ताई डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. मी म्हटलं, "पदर काढ की, मला तुझे केस काढायचेत."

"सासूबाई हितंच हायत. पदराचंच काढ, गप."

"बरं, मग हलू नको."

आणि खरंच ती हलली नाही. घरात कधी एका जागी न टिकणारी ताई माझ्यासाठी पापणीही न लववता बसून राहिली. मला इतकं बरं वाटलं, की काढता काढता मी बोलतच गेले. तुझी उशी अजून माझ्या शेजारीच ठेवते. आई वेणी फार घट्ट घालते, तुझ्यासारखी नाही. दिवाळीला आलीस की लगेच जाऊ नकोस. एरवी समोर कुणी असलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

ओठ काढून होतायत तोवर स्क्रीन काळी झाली आणि पुन्हा तिचाच व्हिडिओ कॉल आला. तिच्या हाताला पीठ होतं.

"अगं, हितं रेंजच न्हाय! तू नुसती थिजल्यासारखी दिसत हुतीस. मी उठून भाकरी करून आले बघ. काय म्हणत हुतीस?"

"काही नाही. हनुवटी जरा वर कर म्हणत होते."

तिनं लगेच वर केली.