जळगावच्या स्टँडवरचं स्थळ

तुम्ही हसता, पण त्या मोबाईलच्या गेमपायी मी एकदा चांगलाच अडकलो होतो. मास्तरांचं ट्रेनिंग आटोपून मी अन् आमच्या शाळेतला गजानन जळगाव जामोदच्या स्टँडवर बसची वाट पाहून राह्यलो होतो. बस येईना, अंगात त्राण नव्हतं. म्हणून मी गेम उघडला. त्यात प्राणी पकडायचे, कोणात किती ताकद आहे ते तपासायचं अन् लढाईले उतरवायचं. एक नवा प्राणी तपासून मी गजाननले म्हटलं, "याचा हात काही चालत नाही बे. पण दम भरपूर आहे, किती मार खाल्ला तरी खाली बसत नाही. सोडून देऊ का?"

बाजूच्या बाकड्यावर माह्या मायच्या वयाची एक बाई होती. ती म्हणे, "सोडू नका, भाऊ. हात न चालणारा पोरगा भेटत नाही आता."

तिले वाटलं, आम्ही स्थळाचंच बोलून राह्यलो. गजाननले हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवलं. मी खरं सांगणारच होतो, तर तीच बोलली, "आमच्या जावयाचा निस्ता हातच चालायचा. पोरगी घरी आणली मी परत."

गजाननचं हसू थांबलं. मी मोबाईल हळूच खिशात टाकला.

तेवढ्यात तिची बस लागली. मी तिची पिशवी चढवून दिली. खिडकीतून तिनं इचारलं, "मग, नक्की करता ना?"

"हो माय," मी म्हटलं, "नक्की केलं."