सात वेळा बिघडलेलं इंजिन

विमान नव्या मालकाच्या नावावर करायचं, तर मेकॅनिकची सही लागते. त्या खिडकीच्या रांगेत उभ्या असलेल्या शिकाऊ वैमानिक मुलीचे कान पुढच्या दोघांकडे लागले होते. एक म्हातारा मेकॅनिक आणि नवऱ्याचं विमान विकायला आलेली एक आजी.

“वहिनी, सही मागू नका. दोन सीटचं एवढंसं विमान, पण त्यानं माझी पार लाज काढलीय.”

“आता काय केलं त्यानं?”

“आता नाही, चाळीस वर्षांपूर्वी. हे लॉगबुक बघा. सात रविवार, इंजिन अडखळलं म्हणून दादा त्याच एका माळावर उतरले. सातही वेळा मी इंजिन सुटं केलं, नट न् नट पुसला. दोष काही सापडला नाही!”

“अगबाई! सातही वेळा?”

“मग काय! न सापडलेला दोष ‘मिटला’ म्हणून लिहू कसा?”

“भाऊजी, त्या माळाला लागून एक घर होतं, आठवतं?”

“हो, दादा तिथं पाणी प्यायला जायचे.”

“पाणी मीच द्यायचे. सातव्या पेल्याला त्यांनी मागणी घातली.”

“अहो, मग तेव्हाच सांगायचं ना! माझे सात सोमवार इंजिनाचं ग्रीस पुसण्यात गेले!”

“लग्नात जेवलात की पोटभर.”

“बरं, मग लिहू? दोष मिटला?”

“मिटतोय कसला! खिडकीतून बघा. विमानाला एकदाच हात लावून येतो म्हणाले तुमचे दादा, अर्धा तास झाला, पंखाला टेकून उभे आहेत.”