दोनशे साडेतेरा

—नाही नाही गुरुजी, मुहूर्त कुठे पळून जातोय, बसा तुम्ही, चार मिनिटं राहिलीत — म्हणजे टीव्हीवरची चार, आपली वीस — या खेळात घड्याळ सारखं थांबतं, मला आधी वाटायचं बिघडलंय. हळू बोला हं, आमचे व्याही झोपलेत, ते बघा खुर्चीत, मनोहरराव, तोंड उघडं टाकून — नातीच्या बारशाचा निकाल लागतोय आणि हे घोरतायत! कसला निकाल? म्हणजे ऋषीने सांगितलं नाही तुम्हाला? कसं सांगेल, जावई माझा, लाज वाटली असेल.

अहो, पोरीच्या नावाची पैज लागलीय, माझ्यात नि या व्याह्यांत. मला प्रीता हवंय, त्यांना इला. दीड महिना रोज सकाळी पोह्यांबरोबर तोच विषय. शेवटी आश्लेषा, माझी मुलगी, म्हणाली, आई, तुम्ही दोघं काय ते ठरवा, तेच ठेवू. चिठ्ठ्या टाकू म्हटलं तर घड्या कोण घालणार यावरून वाजलं. मग मीच म्हटलं, ऋषी तो बास्केटबॉल बघतो, प्लेऑफ का काय, त्यावर लावू. कोण जिंकतं त्यावर नाही — आम्हाला इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये बसून कुठली टीम आपली नि कुठली परकी! — दोन्ही टीमच्या पॉइंट्सची बेरीज. ऋषीच्या फोनवर पैजवाल्यांचा आकडा आला, दोनशे साडेतेरा. वर गेली तर इला, खाली राहिली तर प्रीता. अर्धा पॉइंट कोण करतो? कोणी नाही हो, बरोबरी होऊ नये म्हणून लावतात. हुशार लोक. पण दुपारपासून कोणीही बास्केट केलं की मी बोटांवर बेरीज करते. त्यांच्या आया तिथे टाळ्या वाजवत असतील, आणि मी इथे म्हणतेय, अरे मेल्या, पडू दे की बाहेर!

छे, फिक्स कसली? म्हणजे — तुम्ही आठवडाभर सॉफ्टवेअर तपासता, शनिवार-रविवार पूजा सांगता, दोन्हीकडच्या चुका पोटात ठेवायची सवय असेल, म्हणून सांगते — नाव ठरलेलंच आहे. इथलं हॉस्पिटल बारशापर्यंत थांबतं का? तिसऱ्या दिवशी फॉर्म पुढे, नाव लिहा नि घरी जा. ऋषीने लिहून टाकलं, गुपचूप. मला कसं कळलं? मागच्या आठवड्यात सरकारी पाकीट आलं, मी फोडलं — चुकून! — मला वाटलं माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांचं. आत पोरीचं कार्ड, त्यावर ठळक, इला. ते सध्या तूरडाळीच्या डब्यात आहे. तळाशी. आणि त्याच संध्याकाळी मी पैजेचं काढलं. म्हणजे बघा, हरले तर काही गेलं नाही, जिंकले तर बदलावं की सरकारने, त्याचाही फॉर्म असेलच. शब्द म्हणजे शब्द.

नका असं बघू. आश्लेषाच्या वेळीच प्रीता ठेवायचं होतं मला. सासूबाईंनी दुसरं ठरवलं, आत्याने कानात सांगून टाकलं, मी बाळंतीण, पाळण्याजवळ पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. चौतीस वर्षं झाली. अजून कधीकधी मनात मी तिला प्रीताच म्हणते. तिला सांगू नका हे. फार वाईट वाटलं होतं हो, पेढे वाटत होते आणि मी रडत होते, सगळे म्हणाले, बाळंतिणी रडतातच.

मनोहररावांना इला का? यांच्या बायकोचं नाव ते — म्हणजे तिने ठरवलेलं, मुलगी झाली तर म्हणून. झाला ऋषी. त्या गेल्या तीन वर्षांपूर्वी. एकदाच बोलले मला, भांडी पुसताना. मी म्हटलं, हो का — आणि नळ मोठा सोडला.

थांबा थांबा — एकशे बारा, एकशे एक — करा बेरीज, गुरुजी — दोनशे तेरा! खाली! पाच सेकंद राहिलीत, जिंकलेले गळ्यात पडतायत बघा, बॉल हरलेल्यांकडे आहे पण आता कशाला कोण — प्रीता! झाली प्रीता! तुम्ही ताटात तांदूळ पसरा, मी — अरे, हा काय करतोय? अकरा पॉइंट्सनी हरलास ना, घरी जा की बाबा, इतक्या लांबून कोण फेकतं —

गेला.

आत गेला, गुरुजी. तीनचा. दोनशे सोळा.

त्याच्या टीमने टाळीसुद्धा वाजवली नाही. बंद करते हे. — तुम्ही काही पाहिलंत? नाही ना? व्याही झोपलेत. आश्लेषा वर पोरीला पाजतेय. ऋषी बर्फ आणायला गेलाय, आणि त्याला कळलं तरी तो तोंड उघडणार नाही, फॉर्म कोणी भरला ते निघेल ना. मी म्हणायचं, दोनशे तेरा. संपलं. हे काय, विचारणारसुद्धा नाहीत. 'बरं' म्हणतील, चष्मा पुसतील. तेच तर — विचारणारच नाहीत हो हे. भांडले असते तर बरं झालं असतं.

रडायला लागली वाटतं वर.

अहो मनोहरराव. उठा. उठा हो, तुमची इला रडतेय — काय काय? ऐकलंत ना, दोनदा नाही म्हणणार मी. — आणि गुरुजी, तुम्ही नका माझ्याकडे बघू. मनोहरराव, तुम्ही वर जा, घ्या तिला. जा म्हटलं ना.