साठ मोठ्या प्रती

मुलुंडला कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथलीच परवाची गोष्ट. देसाई मॅडम नोट्स घेऊन आल्या. "परब, साठ प्रती काढा. त्यातली एक मोठ्या अक्षरात, आमच्या वर्गातल्या नीलेशला कमी दिसतं."

मी साठच्या साठ मोठ्या काढल्या.

"अहो, वाट लावलीत ना!" तासाला पाचच मिनिटं होती, म्हणून तशाच घेऊन गेल्या.

दुपारी परत आल्या. "आज नीलेशने पहिल्यांदाच कागद बाकाखाली लपवला नाही. तुमची चूक पथ्यावर पडली."

"चूक कसली, मॅडम? मागची मोठी प्रत तो इथेच फाडून गेला होता. पोरं 'पोस्टर आला' म्हणून चिडवतात त्याला."

मॅडम हळूच म्हणाल्या, "यापुढे सगळ्या मोठ्याच काढा. आज मीसुद्धा चष्म्याशिवाय वाचलं."