दिव्याचा नवस आणि ओड्नीची बस

...म्हणून तुमच्याच शेजारी बसले, दुसरं काही मनात आणू नका. मागे अकरा सीटा रिकाम्या आहेत हे मलाही दिसतंय — रिकामी सीट सोडून परक्या माणसाला खेटून बसायचं म्हणजे आपल्या देशात काय समजतात, ते मला कळत नाही का? आमच्या प्रार्थनाघरातसुद्धा आम्ही मध्ये एकेक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसतो, आणि तिथे तर सगळे एकमेकांचे चुलत-मावस आहेत. पण तुम्ही उंच आहात. पुढे माइक घेऊन उभी आहे ना, लाल टोपीवाली, तिला मी दिसायला नकोय. तुम्ही ऑस्लोकडचे ना? वाटलंच. दक्षिणेची माणसं फार सभ्य, उठून जा म्हणत नाहीत, नुसतं खिडकीला चिकटतात. चिकटा, चिकटा, मला अडचण नाही.

मी? मी इथलीच. जन्म इथला. हिवाळ्यात आकाशात नाचतो त्या हिरव्या उजेडाचं म्हणता — तो तर आमच्या गोठ्यावर पसरलेला असायचा, दूध काढायला जाता-येता बघायचा, बघितला नाही तरी चालायचं. आई म्हणायची, वर उजेड नाचत असला की शीळ घालायची नाही, पांढरं फडकं हलवायचं नाही, खाली येऊन उचलून नेतो. म्हणून आम्ही त्या दिवसांत चादरी वाळत घालायलासुद्धा कचरायचो. आणि आता बघा, मी तोच बघायला तिकीट घेऊन बसलेय! घरून साध्या बसने दोन तास शहरात गेले, तिथे हा सूट चढवला — गोधडी शिवून त्यात माणूस कोंबल्यासारखा, हात खालीच येत नाहीत — आणि आता ही बस दोन तास मला परत माझ्याच दारात घेऊन चाललीय. हो, माझ्याच. रस्ता संपतो तिथे समुद्राकाठी एक पिवळं घर दिसेल, ते माझं. हसू नका, खरंच सांगतेय.

तिकीट सोडतीत लागलं. प्रार्थनाघरात दर वर्षी मिशनसाठी सोडत असते, मोजे, केक, कॉफीची पाकिटं असं काहीबाही ठेवतात. देवाची इच्छा होती म्हणून मला नेमकी हीच चिठ्ठी आली... म्हणजे, चिठ्ठी अर्ध्या मेंढीची आली होती. खोटं कशाला बोलू, आज तरी. अर्धी मेंढी मला लागली होती आणि हे तिकीट शेजारच्या येर्डाला, आणि मी तिला म्हटलं, बदलतेस का? ती बदलण्याआधी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघून गेली.

ती लाल टोपीवाली ओड्नी. माझी धाकटी बहीण. हळू — आवाज करू नका! तसे तुम्ही बोलतच नाही म्हणा. मघाशी सूट वाटताना तिने मला विचारलं, कुठला साइज? मी तोंडावर ही शाल ओढून नुसती बोटं दाखवली. तीन बोटं. ती म्हणाली, 'मोठा देते हं, आजी.' आजी! चार वर्षांनी मोठी आहे मी तिच्यापेक्षा. पण ओळखलं नाही. तीन वर्षं झाली आम्ही एकमेकींशी बोललो नाही, आणि पहिला शब्द काय, तर आजी.

भांडण? भांडण नाही हो, दिवा. आमच्यात रीत आहे — घरचं माणूस बाहेर असेल तर खिडकीत दिवा ठेवायचा. वडील समुद्रावर असायचे तेव्हा आईने महिनोन् महिने ठेवलाय. ओड्नी कामाला होती तो मासळीचा कारखाना बंद पडला, तिने हे प्रवासी फिरवायचं काम धरलं, आणि पहिल्याच संध्याकाळी चाळीस माणसं आमच्या अंगणाशेजारी आणून उभी केली. मला म्हणाली, 'बोरहिल, स्वयंपाकघरातला दिवा घालव, यांना आकाश दिसत नाहीय.' मी म्हटलं, 'तो तुझ्यासाठी लावलाय, तू बाहेर आहेस ना.' ती म्हणाली, 'अगं, मी ही काय इथे उभी आहे, अंगणात!' मी म्हटलं, 'अंगण म्हणजे घर नव्हे.' आता तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का? — ती चाळीस माणसांसमोर ओरडली, 'हा दिवा विझेल तेव्हाच मी या घरात पाऊल टाकेन!' आणि मी... मी दारात उभी राहून हात जोडले आणि नवस बोलले, की प्रभू, ओड्नी आपल्या पायाने आत येईपर्यंत हा दिवा मी विझवणार नाही. सगळ्यांना सांगते की भक्तीने बोलले. रागाने बोलले. नवस रागाने बोलला तरी फेडावाच लागतो, नाही का? तेच तर.

मग ती पेट्रोल पंपावरच्या खोलीत राहायला गेली. आणि बस मात्र रोज माझ्या दाराशी! तिने अंगणाच्या कडेला दोन बांबू ठोकून ताडपत्री बांधली, माझा दिवा झाकायला. मी दिवा माडीवर नेला. तिने बांबू उंच केले. वाऱ्याने ताडपत्री उडून येर्डाच्या मेंढ्यांवर पडली. मी दिवा पुन्हा खाली आणला — तेवढ्या वाटेत हातात पेटता होता हो, लांब वायर आणली होती, विझवला नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य मावळत नाही, तेव्हाही तो खिडकीत आपला जळतोय. पोस्टमन म्हणायचा, 'बोरहिल, सूर्याला वाट दाखवतेस काय?'

आणि आता बल्ब. दुकानदार म्हणाला होता दहा वर्षं चालेल, पण कालपासून तो डोळे मिचकावतोय. नवीन आणून ठेवलाय, पण बदलायचा तर आधी विझवायला नको का? दुसरा दिवा शेजारी लावून मग बदलावा? — तुमच्या चेहऱ्यावर दिसतंयच ते. अहो, मी 'हा दिवा' म्हणाले होते. 'एखादा दिवा' म्हणाले असते तर वाट होती. आमच्या उपदेशक एडवार्टना विचारलं. ते म्हणाले, वीज गेली तर तो देवाचा हात, पण बटण दाबलं तर तुझा. बल्बचं मात्र पुढच्या रविवारी प्रार्थना करून सांगतो.

चढ आला. थांबा, आता ती बोलेल. त्याच्यासाठीच तर आलेय मी. गेल्या आठवड्यात एक परदेशी बाई माझ्या पायरीवर मेणबत्ती लावत होती. मी दार उघडलं तर किंचाळून पळाली, एक बूट माझ्याकडेच आहे. येर्डा म्हणाली, 'ओड्नी बसमध्ये सांगत असणार की तू मेलीस.' त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही हो. रागावलेली बहीण परत येते, मेलेलीकडे कोण येणार? तिच्या तोंडून ऐकायचंय. मेली म्हणाली, तर घरी जाऊन स्वतः बटण दाबेन, नवस मोडल्याचं पाप माझं. गप्प — ऐका.

...

ऐकलंत? काय म्हणाली? मी नीट ऐकलं ना? 'डावीकडचा उजेड आकाशातला नाही, त्याचे फोटो काढू नका. तो एका बाईने घरी न परतलेल्या माणसासाठी लावलाय.' एवढंच. आणि मग ड्रायव्हरला हळू काहीतरी... माइक चालू राहिला होता, सगळ्या बसने ऐकलं — 'आहे बाबा, जळतोय. चल.' आहे बाबा म्हणाली! चढ आला की पहिलं ते बघते ती. आणि हो — बस वळवायला माझ्या दाराशीच जागा आहे असं सगळ्यांना सांगते ना? त्या आधीच्या खाडीपाशी याहून मोठी जागा आहे, शौचालयसुद्धा आहे. मला कसं सुचलं नाही तीन वर्षं? थांबा, डोळे पुसते. या हातमोज्यांनी पुसलं जात नाही.

उतरा, उतरा, धक्का नका देऊ. घसरतंय. इथेच उन्हाळ्यात माझे बटाटे असतात, जपून पाय टाका. कॉफी देतेय ती — तुम्ही दोन कप घ्या. मी हातमोजा काढून घेतला तर माझ्या हातावरचा डाग बघेल, लहानपणी तिच्याच हातून सांडलेल्या उकळत्या दुधाचा आहे. आणा... उकळलेली, मीठ चिमूटभर. आईसारखीच करते अजून.

आकाशात काही नाही म्हणून तोंड पाडू नका. ढग आहेत. ढग... तुम्हाला सांगून टाकते, परत कुठे भेटणार आहोत. ते मी मागितलेत. तीन हिवाळे रोज संध्याकाळी गुडघे टेकून मागितलेत. म्हटलं, उजेड दिसला नाही की लोक येणार नाहीत, लोक आले नाहीत की ओड्नीचं काम बुडेल, काम बुडालं की घरी येईल. किती वाईट बाई आहे ना मी? तुम्ही लांबून आलात, त्या मागच्या पोरीने आजारी आईला फोनवर दाखवायचं म्हणून हातमोजा काढून ठेवलाय, बोटं निळी पडली तिची. सरका जरा, मी मागणं मागे घेते. प्रभू, ते ढगांचं राहू दे. माझं काय व्हायचं ते होवो, यांना दाखव. — असं लगेच होत नाही हो, वर बघू नका, त्याला वेळ लागतो...

अहो.

दिवा. खिडकीकडे बघा. दिवा दिसतोय का तुम्हाला? दिवा गेला! मी नाही विझवला — मी इथे आहे, तुमच्या शेजारी, तुम्ही साक्षीदार आहात, एडवार्टना सांगावं लागलं तर सांगाल ना? बल्ब गेला. मेला बल्ब गेला! आणि ओड्नी — ती किटली पडल्याचा आवाज कसला? टाकली तिने. पळतेय. अगं, बर्फ आहे, पडशील! 'बोरहिल, बोरहिल' — ऐकताय ना, माझंच नाव! तिला वाटतंय मी आत... अगं ए, मी इथे आहे, बटाट्यांत! ऐकू जात नाही या शालीतून. सोडवा ही गाठ, मागची, मागची —

हो, हो, आलं, दिसतंय मला, हिरवं, सगळा डोंगर हिरवा झालाय, त्यासाठीच आलात ना, बघा की मग! माझ्याकडे काय बघताय? दार उघडलं तिने. आमच्याकडे कुलूप नसतं. आत गेली. आपल्या पायाने गेली हो, दिवा विझल्यावर गेली — तिचाही शब्द राहिला, माझाही राहिला. एक पाऊल नाही, धाडधाड जिना चढतेय, खोल्याखोल्यांतून मला शोधतेय, आणि मी इथे या गोधडीत! धरा हा कप. शाल पांढरी आहे, हलवू नका वर. नाही, तुम्ही माझ्याबरोबर यायचं नाही, घरात दोनच कप काढून ठेवलेत. वर बघा तुम्ही. सरका!